जुना अ‍ॅम्प्लिफायर मोडीत न काढता दुरुस्त केला: पावसाळा-हिवाळा काढल्यानंतरचा अनुभव

गेल्या मेमध्ये सांगलीत जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि आठ इंची वूफरचे दोन स्पीकर दुरुस्त करून घेतले. दुकानात सल्ला मिळाला होता, 'हे मोडीत घाला, साउंडबार घ्या.' आता पुन्हा उन्हाळा लागलाय आणि खात्रीने सांगतो, दुरुस्तीच योग्य होती.

मुख्य तक्रार घूं आवाजाची. व्हॉल्यूम शून्यावर, मागची केबल काढलेली, तरी घूं चालूच. म्हणजे दोष केबलचा नाही, पॉवर सप्लायचा. आपली वीज ५० हर्ट्झची. तिचं डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) करताना १०० हर्ट्झची लहर उरते आणि ती दाबून टाकतात मोठे फिल्टर कंडेन्सर. उष्णतेने ते आतून सुकत जातात. उघडलं तर एकाचं डोकं फुगलेलं, बुडाशी तपकिरी चिकट डाग. एखाद्याला ही घूं चालली असती, पण आमच्या घरी ख्याल ऐकतात, तंबोऱ्यांसाठी आणि गाण्यासाठी प्रसिद्ध मिरज शेजारीच. काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी) लावलेल्या तंबोऱ्याचा मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, पंचम साधारण १०४ हर्ट्झचा. त्याला खेटून ही १०० ची घूं आली की पंचम सारखा हेलकावतो, जवारीच (तारांचा झंकार) बिघडल्यासारखी वाटते. दोन्ही कंडेन्सर बदलले, १०५ अंश तापमान सोसणारे घातले (८५ चे स्वस्त मिळतात, घेऊ नका). तेव्हापासून पंचम स्थिर आहे.

वूफरच्या (खर्जाच्या स्पीकरच्या) कोनाभोवतीच्या फोमचा बोट लावताच भुगा होत होता. कोन हलवणारी कॉइल मात्र शाबूत: मल्टिमीटरवर सहा ओहमच्या आसपास, आठ ओहमच्या स्पीकरला एवढंच दिसतं. कोन हलकेच दाबला तरी घासत नव्हता. मग नुसती फोमची रिंग बदलून भागलं. सुरुवातीला खर्ज आखडल्यासारखा होता, नंतर मोकळा झाला. २०१९ च्या पुरात बुडालेल्या स्पीकरना मात्र हे लागू नाही. एमडीएफचं (दाबलेल्या लाकडी भुशाचं) खोकं एकदा फुगलं की गेलंच.

जुलैच्या दमट हवेत सिलेक्टर स्विच (कुठलं यंत्र ऐकायचं ते निवडणारा) खरखरला, कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा लागला. यंदाही लागेल.

खर्च बऱ्या साउंडबारच्या निम्म्याहून कमी आला. शिवाय यातला प्रत्येक भाग सुटा बदलता येतो. ट्रान्झिस्टरसुद्धा २एन३०५५, सहज मिळणारा. साउंडबारचं बरंचसं काम एकाच बोर्डावर चालतं, तो बोर्ड कंपनीने देणं थांबवलं की काय करणार?

सीडी प्लेअर याच कारणाने दुरुस्त केला नाही. त्याची लेन्स कमजोर झालेली, मूळ पिकअप (लेन्स-लेझरचा सुटा भाग) मिळेना. सीडी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आणि तो काढून टाकला.