कुडाळजवळचं जुन्या सामानाचं गोडाऊन आणि माझी शिवणाची पडवी

गेले आठ महिने मी आमच्या मागच्या पडवीत शिवणाची खोली उभी करतेय. गोधड्या, कापडी पिशव्या, जुन्या साड्यांच्या दुलया असं सगळं काम मी इतकी वर्षं जेवणाच्या टेबलावर करत होते आणि रोज संध्याकाळी गुंडाळून ठेवत होते. आता खोलीतलं जवळजवळ सगळं सामान एकाच ठिकाणाहून आलंय, कुडाळहून सावंतवाडीकडे जाताना हायवेच्या आत एक गोडाऊन आहे तिथून. पाटी वगैरे काही नाही, बाहेर दारं-चौकटी उभ्या केलेल्या दिसतात आणि पत्र्याखाली कौलांची रास, एवढीच खूण. बऱ्याच जणींनी विचारलं की जायचं का, काय घ्यायचं, फसवत नाहीत ना, म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय.

जायचं, नक्की जायचं. पण काय बघायचं ते माहीत करून जायचं.

आपल्याकडे बंद घरं किती आहेत ते सगळ्यांना माहितीय, माणसं मुंबईला आणि घर वर्षातून दोनदा उघडणार, शेवटी कौलं उतरवून स्लॅब टाकतात नाहीतर विकून टाकतात. हायवे रुंद झाला तेव्हा रस्त्याकडेची घरंही गेली. तिथलं सामान या गोडाऊनला येतं. मालक साठीच्या पुढचे आहेत, मी त्यांना काका म्हणते, आणि त्यांची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे वस्तूतली खोट ते स्वतःहून सांगतात. पहिल्याच खेपेला मी एका काचेच्या कपाटासमोर उभी होते, हिरवा जुना रंग, नक्षीदार मुठी, मला वाटत होतं आत्ताच टेम्पोत घालावं, तर मागून आले आणि म्हणाले, "बाय, ह्या कपाट घेव नको. पाठची फळी किड्यान खाल्लेली आसा." फळी बोटाने दाबली तर बोट आत गेलं. त्या दिवशी मी काहीच न घेता परत आले आणि तरी खूश होते, कारण त्याआधी एका शहरातल्या मोठ्या दुकानात मला नवंकोरं टेबल घासून, रंग खरवडून 'अँटिक' म्हणून दाखवलं होतं आणि खालून बघितलं तर प्लायच्या कडा दिसत होत्या.

आता टेबल. माझं कापायचं टेबल म्हणजे फणसाच्या लाकडाचं, साडेपाच फूट लांब, कुठल्यातरी शाळेत किंवा ऑफिसात असावं कारण एका कडेला शाईचे डाग आहेत आणि ते मी काढले नाहीत, काढणारही नाही. काकांनी ते माझ्यासमोर उलटं केलं. जुनं लाकूड बघायचं तर असंच, वरून सगळंच सुंदर दिसतं. खालून करवतीचे आडवेतिडवे ओरखडे, पाय खिळ्याने मारलेले नाहीत तर कुसू घालून (लाकडाची जीभ दुसऱ्या लाकडाच्या खाचेत) बसवलेले, आणि एका पट्टीवर सुताराने पेन्सिलीने केलेल्या तीन रेघा, पाय कुठला कुठे बसवायचा त्याच्या खुणा. त्या रेघा अजून स्वच्छ दिसतात. फणसाचं लाकूड नवं असताना हळदीसारखं पिवळं असतं आणि वर्षानुवर्षं हवा-उजेड लागून गडद तपकिरी होतं, त्यामुळे कुठे ताजा पिवळेपणा दिसला तर तिथे नंतर रंधा मारलाय किंवा नवा तुकडा जोडलाय समजायचं. माझ्या टेबलाचा एक पाय असाच बदललेला आहे, काकांनी सांगितलं आणि पाचशे कमी केले. सहा हजारांना पडलं. उंची मात्र कमी होती, उभं राहून कापड कापायचं तर टेबल कमरेच्या जवळपास हवं नाहीतर तासाभरात पाठ जाते, म्हणून आमच्या सुताराकडून खाली सागाचे चार ठोकळे लावून घेतले. हे आधीच मोजून जा. मी नुसत्या डोळ्याने अंदाज केला होता.

मशीनबद्दल थोडं जास्त लिहिते कारण इथेच लोक पैसे घालवतात. गोडाऊनमध्ये पायाची मशीनं सात-आठ तरी होती, काही नुसते लोखंडी स्टँड, ते हल्ली हॉटेलवाले नेतात आणि वर काच टाकून टेबल करतात. चालवायला घ्यायचं असेल तर सोनेरी नक्षीकडे नंतर बघा, आधी बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, बघा. खूप जुन्या सिंगरमध्ये बॉबिन धरणारी होडीसारखी लांबट शटल असते आणि बारीक काडीसारखी बॉबिन, शिवतं छान पण ती शटल हरवलेली असेल तर शोधत बसाल. गोल बॉबिनचं, पंधरा नंबरच्या जातीचं मशीन असेल तर बॉबिन, केस, सुई सगळं आजही साध्या शिलाई-सामानाच्या दुकानात मिळतं, आपल्याकडची काळी साधी मशीनं त्याच घाटावर बनलेली आहेत. माझं १५के आहे. त्यातला के म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा कारखाना, १८८५ ला सुरू झाला आणि १९८० ला बंद पडला. मशीनच्या खांबाच्या पायथ्याशी उजव्या बाजूला नंबर कोरलेला असतो, माझा वाय या अक्षराने सुरू होतो, म्हणजे १९२० चं दशक ते १९३० च्या मध्यापर्यंत कधीतरी बनलेलं. चार हजार दोनशे दिले.

घरी आणलं तेव्हा चाक दगडासारखं घट्ट. काका म्हणाले होते की शेवटच्या घरात कुणीतरी खोबरेल तेल घालत होतं, आणि खरंच प्रत्येक भोकात पिवळा चिकट थर. खोबरेल मशीनला कधीच घालू नका, ते आत बसून घट्ट होतं. मी दोन दिवस थेंब थेंब रॉकेल सोडलं, चाक हलक्या हाताने मागेपुढे केलं, काळं पाणी कापडाने पुसत राहिले, तिसऱ्या दिवशी दुपारी चाक एकदम सुटलं आणि सुई आपोआप खालीवर झाली, तो आवाज मी विसरणार नाही. मग मशीनचं तेल. बाहेरची सोनेरी नक्षी मात्र नुसत्या तेलाच्या कापडानेच पुसा, स्पिरिट किंवा थिनर लावलंत तर वरचं जुनं पॉलिश विरघळतं आणि नक्षी हातात येते. चामड्याची वादी, म्हणजे चाकावरचा पट्टा, नवी घातली, ती शंभर-दीडशेत मिळते. आता सोळा नंबरच्या सुईने चार पदरी गोधडी न अडखळता शिवते, माझ्या इलेक्ट्रिक मशीनला ते जमत नव्हतं.

मला सगळ्यात प्रिय झालेली वस्तू वेगळीच आहे. जुन्या छापखान्यातला खिळ्यांचा, म्हणजे छपाईच्या धातूच्या सुट्या अक्षरांचा, खण. देवनागरीत जोडाक्षरं, काने, मात्रा, वेलांट्या सगळ्यांना वेगळे खिळे लागायचे म्हणून खणात घरंच घरं, इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त. काही घरांच्या कडेला अजून शाईने लिहिलेलं अक्षर दिसतं, एका घरात 'क्ष' आहे, तिथे मी शिंपल्याची बटणं ठेवलीत. पण एक महत्त्वाचं सांगते, हे खिळे शिशाच्या मिश्रधातूचे असायचे आणि खणातली राखाडी धूळ म्हणजे तीच. कोरड्या ब्रशने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, फडकं फेकून द्यायचं, हात साबणाने धुवायचे, आणि घरात लहान मूल असेल तर खण वर भिंतीवरच लावायचा. काकांनी हे सांगितलं नव्हतं आणि त्यांनी ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायला हवं, मी त्यांना तसं म्हटलंही. जुन्या दारांवरच्या तेलरंगाचंही तेच, शिसं असू शकतं, पॉलिशपेपरने कोरडं घासत बसू नका.

मण्यांसाठी मापं घेतली. पितळी शेर, मापटं, चिपटं, कोळवं, एकात एक बसणारी. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे आजीने पाठ करून घेतलं होतं. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, पण आजी शेवटपर्यंत तांदूळ शेराने मोजायची. हिरवी कळकलेली होती, आमसुलं भिजवून त्याच्या चोथ्याने घासली आणि राखेने कोरडी केली, आतून लालसर सोनेरी निघाली. मोठ्या शेरात मोठे लाकडी मणी, उतरत जात कोळव्यात अगदी बारीक मणी, म्हणजे पोत. हात घातला की कुठलं माप आहे ते न बघता कळतं, काम करताना याचा इतका उपयोग होतो.

उजेडासाठी काचेची कौलं. पडवीत दुपारी तीननंतर सुईत दोरा ओवता येत नव्हता. आपली मंगलोरी कौलं म्हणजे मंगळुरात १८६५ ला बासेल मिशनने कारखाना काढला तिथून सुरू झालेला प्रकार, नंतर कितीतरी कारखाने निघाले आणि प्रत्येकाच्या खाचा थोड्या वेगळ्या, त्यामुळे घरचं एक कौल काढून सोबत न्या आणि काचेच्या कौलावर बसवून बघा. मी चार घेतली, एक बसलं नाही, ते परत घेतलं काकांनी काही न बोलता. कापडाचे गठ्ठे त्या उजेडाखाली ठेवू नका, एका महिन्यात माझ्या जांभळ्या खणाच्या कापडाच्या घडीवर फिकट पट्टा आला.

आता तक्रार. टेम्पो त्यांच्याच ओळखीचा होता, परवा येतो म्हणून अकराव्या दिवशी आला, आणि दोरी नीट न बांधल्याने घडवंचीचा, म्हणजे लाकडी स्टँडचा, पाय मोडून आला. फोन केला तर काकांचा मुलगा म्हणाला की टेम्पोवाल्याशी बोला आणि टेम्पोवाला म्हणाला गोडाऊनशी बोला. शेवटी दुरुस्तीचे सातशे मीच भरले. हे बरोबर नाही. सामान त्यांच्याकडून, गाडी त्यांनी ठरवलेली, तर जबाबदारीही त्यांचीच. तुम्ही जाल तर आपली गाडी घेऊन जा आणि जुनी वाकळ, दोऱ्या घरून न्या.

दुसरं, किड्याची खोट ते सांगतात पण उपाय करून देत नाहीत. मी घेतलेल्या खुंट्यांच्या फळीत टाचणीएवढी भोकं होती, जुनी असतील म्हणून आणली, चार दिवसांनी खाली पिठासारखा भुगा. भुगा ताजा म्हणजे किडा आत जिवंत. म्हणून कुठलंही लाकूड घरात घेण्याआधी आठवडाभर ओटीवर काळ्या कागदावर ठेवा, भुगा पडतो का बघा, मगच आत. माझी फळी मी भर उन्हात टाकली, भोकांत औषध भरून घेतलं आणि मग काजूच्या टरफलांचं तेल लावलं, होड्यांना लावतात तेच, पण हातमोजे घालूनच, त्या तेलाने कातडी भाजते.

आणि आपल्या हवेचा विचार करूनच निवडा. वेंगुर्ल्याला समुद्र आमच्यापासून दोन किलोमीटर, खाऱ्या वाऱ्याने लोखंड सहा महिन्यांत तांबूस होतं. पत्र्याच्या जुन्या ट्रंका फोटोत कितीही छान दिसल्या तरी मी त्यात कापड ठेवत नाही, गंजाचा डाग गोधडीवर लागला की जात नाही. कापड सागाच्या हडप्यात, म्हणजे मोठ्या लाकडी पेटीत, खाली चार विटा, भिंतीपासून वीतभर लांब. सुया, टाचण्या चिनी मातीच्या झाकणाच्या बरणीत. जुलैत शिवणाच्या कपाटात पिवळा जुना बल्ब लावते, कापडापासून दूर आणि मी खोलीत असतानाच, एलईडीला ऊब नसते म्हणून त्याचा इथे उपयोग नाही.

किंमती काका एकदाच सांगतात, घासाघीस आवडत नाही त्यांना, पण दोन-तीन वस्तू एकदम घेतल्या तर स्वतःच कमी करतात. ऑनलाइन पैसे चालतात. बसायला बाकडं, पाणी, सगळं उलटंपालटं करून बघायला मुभा. पावसात जाऊ नका, ओल्या लाकडाचं वजन आणि खोट दोन्ही कळत नाहीत. मी ऑगस्टमध्ये फोन केला होता तेव्हा तेच म्हणाले, "घाई कित्याक? पावस गेल्यार ये." गणपतीला चाकरमानी येतात, माळे रिकामे करतात, त्यामुळे दसऱ्याच्या आसपास गोडाऊन भरलेलं असतं.

माझ्याकडून पाचपैकी चार, एक टेम्पोसाठी कापला. एक शिसवी फडताळ तिथे बाजूला ठेवायला सांगून आलेय, दोऱ्याच्या रिळांसाठी. दिवाळीआधी माझ्या भावाची गाडी मोकळी झाली की ते आणायचंय, काळा कागद ओटीवर आत्ताच काढून ठेवलाय.