स्टॅटिक रूट काढून ओएसपीएफवर आलो, त्याला नऊ महिने झाले

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या कंपनीचं नेटवर्क स्टॅटिक राउटिंगवरून (प्रत्येक राउटरमध्ये रस्ते, म्हणजे रूट, हातानं लिहायचे) ओएसपीएफवर (राउटर आपसात माहिती देऊन रस्ते स्वतः ठरवतात) नेलं. आता अर्धा पावसाळा सरलाय. आमच्या भागात लाइनची खरी परीक्षा याच दिवसांत होते, म्हणून मुद्दाम एवढं थांबून लिहितोय.

आमची पाच ठिकाणं आहेत. महाप्याला मुख्य ऑफिस आणि सर्व्हर, रबाळ्याला कारखाना, तुर्भ्याला गोडाऊन, ठाण्यात वागळे इस्टेटला सेल्स ऑफिस आणि तळोज्याला नवं युनिट. महापे, रबाळे, वागळे, तुर्भे आणि परत महापे असा लिंकचा फेरा आहे. तळोजा तुर्भ्याला एकाच लाइनवर जोडलेलं. प्रत्येक ठिकाणी कॉम्प्युटर, फोन, कॅमेरे आणि वायफाय यांचे वेगळे सबनेट (पत्त्यांचे गट). मुख्य आणि बॅकअप धरून पाच राउटरांवर शंभराच्या वर स्टॅटिक रूट होते. वागळेला कॅमेऱ्यांसाठी एक सबनेट वाढवला की बाकी चार राउटर उघडायचे.

ते कष्ट मी वर्षानुवर्षं काढले, त्याबद्दल तक्रार नाही. बदल करायला भाग पाडलं ते एका रात्रीनं. साडेअकराला गोडाऊनच्या सुपरवायझरचा फोन आला. "साहेब, बिल निघत नाहीये, सहा गाड्या गेटवर उभ्या आहेत." महापे-तुर्भे फायबर कुठेतरी तुटली होती. वागळेवरून फिरून जाणारा बॅकअप रूट मी जास्त डिस्टन्सनं (हा आकडा जितका मोठा तितका रूट मागे राहतो) टाकून ठेवला होता, तो लागलाच नाही. कारण महाप्याला राउटर आणि फायबरच्या मध्ये मीडिया कन्व्हर्टर (साधी नेटवर्क केबल फायबरला जोडणारी डबी) आहे. पुढची फायबर तुटली तरी राउटर ते कन्व्हर्टर हा वीतभर पॅचकॉर्ड शाबूत होता आणि पोर्टवरचा हिरवा दिवा जळत होता. पोर्ट चालू म्हणून राउटरच्या लेखी रूटही चालू. पॅकेटं त्या मेलेल्या लाइनवर जात राहिली. मी कळव्याच्या घरून आधी तुर्भ्याच्या आणि मग महाप्याच्या राउटरवरचे रूट बदलले. क्रम चुकला असता तर तुर्भ्याशी माझाच संपर्क तुटला असता. पन्नास मिनिटं गेली. सहा ड्रायव्हर तेवढा वेळ गेटवर ताटकळले, हे मला फार लागलं.

पिंग करून (छोटं पॅकेट पाठवून उत्तर येतं का बघून) गेटवे, म्हणजे पुढचा राउटर, तपासणारा स्टॅटिक रूट बहुतेक राउटरांत करता येतो. दोन ऑफिसं आणि दोन लाइनी असतील तर तेवढंच करा, ओएसपीएफच्या वाटेला जाऊ नका. फेरा असेल आणि ठिकाणं वाढत असतील तर मात्र ते तपासण्याचं जाळंच सांभाळायला कठीण होतं.

ओएसपीएफमध्ये शेजारचे राउटर एकमेकांना दर 10 सेकंदांनी हॅलो पाठवतात. 40 सेकंद हॅलो आला नाही की शेजारी गेला असं धरून प्रत्येक राउटर नकाशा पुन्हा मांडतो आणि जवळचा रस्ता काढतो. हॅलो त्या फायबरवरूनच यावा लागतो, म्हणून पोर्टच्या दिव्यानं फसगत होत नाही. आमच्या दुखण्यावर नेमका हाच इलाज होता.

बदल करताना स्टॅटिक रूट तसेच ठेवून शेजारी ओएसपीएफ सुरू केलं. स्टॅटिकचं डिस्टन्स 1 आणि ओएसपीएफचं 110, त्यामुळे चालू कामाला धक्का लागला नाही. पाचही ठिकाणचे सबनेट ओएसपीएफच्या डेटाबेसमध्ये दिसल्यावर स्टॅटिकचं डिस्टन्स 220 केलं, म्हणजे ओएसपीएफ पुढे आलं आणि स्टॅटिक मागे गेले. सगळं एकाच गटात (एरिया 0), प्रत्येक लिंक पॉइंट-टू-पॉइंट (दोनच राउटरांमधली), शेजाऱ्यांमध्ये पासवर्ड आणि ऑफिसच्या बाजूचे पोर्ट पॅसिव्ह (तिथे हॅलो पाठवायचा नाही). रबाळे-वागळे लिंक तेवढी एक्सस्टार्टला (शेजारी नकाशाची देवाणघेवाण सुरू करतात ती पायरी) अडकून बसली. दोन्हीकडचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) वेगळा निघाला. हॅलो लहान, ते आरामात जातात, म्हणून शेजारी दिसतो पण पुढे सरकत नाही. तुमची लिंक इथे अडकली तर आधी एमटीयू बघा.

कॉस्टकडेही सुरुवातीलाच लक्ष द्या; कमी कॉस्टचा रस्ता ओएसपीएफ निवडतं. मूळ हिशेब 100 एमबीपीएसवर बांधलेला आहे (100 भागिले लिंकचा वेग, पण 1 च्या खाली जात नाही), त्यामुळे आमची गिगाबिट फायबर आणि महापे-रबाळेचा 100 एमबीपीएसचा रेडिओ (वायरलेस लिंक) या दोन्हींची कॉस्ट 1 आली. पाचही राउटरांवर तो 100 चा आकडा (रेफरन्स) 10,000 केल्यावर फायबर 10 आणि रेडिओ 100 झाला.

सगळ्यात मोठी चूक माझ्याकडून झाली ती त्या 220 वाल्या रूटची. आधाराला असू देत म्हणून ते काढले नाहीत. जानेवारीत तुर्भ्याची वीज गेली, यूपीएसही संपला. ओएसपीएफनं तुर्भे सगळीकडून काढलं, ते बरोबरच होतं. पण मग जुने स्टॅटिक जागे झाले. महाप्याचा रूट म्हणत होता तुर्भ्याला रबाळ्यावरून जा, रबाळ्याचा म्हणत होता महाप्यावरून जा. ट्रेसराउट (पॅकेट कोणत्या राउटरांवरून जातं ते दाखवणारी आज्ञा) लावला तर तेच दोन पत्ते आलटून पालटून खालपर्यंत. टीटीएल (पॅकेटला मिळणाऱ्या टप्प्यांची मर्यादा) संपेपर्यंत एकेक पॅकेट रेडिओवरून साठ-साठ वेळा ये-जा करत होतं. लिंक भरून गेली आणि तुर्भ्याशी ज्यांचा काही संबंध नाही ते रबाळ्याचे लोक स्लो नेटची तक्रार घेऊन आले. त्याच संध्याकाळी सगळे जुने रूट पुसले. नवं नीट चालतंय याची खात्री झाली की जुनं काढाच.

आता स्टॅटिक उरलाय तो इंटरनेटच्या डिफॉल्ट रूटपुरता, महाप्याला आणि वागळेला, पिंगच्या तपासणीसह. महाप्याची नेटची लाइन गेली की तो डिफॉल्ट मागे घेतला जातो आणि सगळे वागळेवरून बाहेर पडतात.

मे महिन्यात रस्त्याच्या खोदकामात महापे-तुर्भे फायबर पुन्हा तुटली. वाहतूक वागळेवरून फिरली. त्या 40 सेकंदांत चालू फोन कॉल तुटले, पण बिलिंग थांबलं नाही. त्यानंतर फायबरच्या लिंकवर बीएफडी (लाइन मेली हे हॅलोपेक्षा खूप लवकर ओळखणारी तपासणी) लावलं, आता साधारण सेकंदात वळतं. रेडिओवर ते मुद्दाम लावलेलं नाही. जोराच्या पावसात रेडिओ क्षणभर बसतो आणि उठतो, आणि त्या प्रत्येक झटक्याला रस्ते बदलत राहिले तर त्रास जास्त.

जूनमध्ये मात्र महापे-तुर्भे आणि तुर्भे-वागळे या दोन्ही लाइनी एकदम गेल्या. पुरवठादार दोन, पण गोडाऊनजवळ दोन्हींच्या केबल एकाच चरातून येतात, हे जेसीबीनं दाखवून दिलं. तिथे ओएसपीएफ काय करणार? वळायला दुसरा रस्ताच नव्हता. तळोज्याचं रोजचंच तसं आहे, तिथे एकच लाइन. तिथल्या दुसऱ्या लाइनची कोटेशनं आता माझ्या टेबलावर आहेत. कोणतीही मंजूर करण्याआधी पुरवठादाराच्या माणसाला घेऊन केबल कुठून येणार तो रस्ता पायी चालून बघायचं ठरवलंय.