चाळिशीनंतर फोनवर दहावी: एनआयओएसचा वापरानंतरचा अनुभव

मागच्या वर्षी मी एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीला प्रवेश घेतला. वय चाळिशीच्या पुढे, शाळा नववीत सुटलेली, घर बेळगावच्या वडगावात, घरात यंत्रमाग. प्रवेश ऑनलाइन, अभ्यास बहुतेक फोनवर. दोन विषय निघाले, तीन राहिलेत. फॉर्म कसा भरायचा ते नेट सेंटरवालाही सांगतो. पण तीन-चार महिने झाले की पुस्तक उघडायला हात का जात नाही आणि तेव्हा काय करावं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी व्यवस्था थोडक्यात. ही संस्था 1989 साली सुरू झाली, 2002 पासून सध्याचं नाव आहे. केंद्र सरकारची असल्यामुळे कर्नाटकात राहणाऱ्यालाही मराठी माध्यमातून दहावी करता येते. आपल्या सीमाभागात ही फार मोठी सोय आहे. वयाची वरची अट नाही. पाच विषय घ्यायचे, त्यात किमान एक भाषा, जास्तीत जास्त दोन. गणित आणि इंग्रजी घेतलंच पाहिजे असं नाही. हे कळलं तेव्हा माझ्या जावेच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण तिची एसएसएलसी, म्हणजे कर्नाटक बोर्डाची दहावी, गणितातच अडकली होती. अर्थात पुढे आयटीआय किंवा सायन्सचा विचार असेल तर गणित-विज्ञान टाळू नका. पास व्हायला 33 टक्के लागतात. महिलांना प्रवेश शुल्कात सवलत आहे.

आता मुद्द्याचं. नोंदणी पाच वर्षं चालते आणि परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एकेक विषय सोडवत गेलात तरी चालतं. संसार सांभाळून शिकणाऱ्याला याच्याइतकी माणुसकीची योजना दुसरी नसेल. पण माझ्या अनुभवात सगळ्यात मोठा धोकाही इथेच आहे. पाच वर्षं हातात आहेत म्हटल्यावर आजचा धडा उद्यावर जातो, उद्या लग्न निघतं, परवा पाहुणे येतात. माझ्याबरोबर प्रवेश घेतलेल्या ओळखीच्या बायकांपैकी ज्यांनी "अभ्यास झाला की फॉर्म भरू" असं ठरवलं, त्यांची पुस्तकं अजून कपाटात आहेत. ज्यांनी दोनच विषयांचा फॉर्म आधी भरून टाकला, त्या परीक्षेला बसल्या. यात हुशारीचा काहीच संबंध नव्हता. पैसे भरलेले आणि तारीख ठरलेली, की मन आपोआप तिकडे वळतं. मन लागलं की फॉर्म भरीन म्हणत थांबू नका. फॉर्म भरा, मन मागून येतं.

त्या दोनात एक तरी विषय आपल्या अंगवळणी पडलेला घ्यावा. मी मराठी आणि गृहविज्ञान घेतलं. गृहविज्ञानात आहार, कपड्यांचे धागे, विणकाम असे भाग आहेत. सूत आणि रेशीम यांतला फरक पुस्तकात वाचताना पहिल्यांदा वाटलं की आपण आयुष्यभर जे काम करत आलो त्याला अभ्यासात जागा आहे. तो धडा मी रात्री जागून संपवला. असा एक विषय हाताशी असला की जड विषयाच्या दिवशीही माणूस अभ्यासापासून तुटत नाही.

वेळेचं सांगते. वडगाव-शहापूरच्या गल्ल्यांतून सकाळी माग सुरू झाले की घरात बोललेलं ऐकू येत नाही, मग व्हिडिओतला आवाज कुठून येणार? म्हणून पहाटे, माग सुरू व्हायच्या आधी, व्हिडिओ बघायचे. दिवसा मागासाठी सुताच्या कांड्या भरताना काही वाचता येत नाही, पण पहाटे वाचलेलं मनात आठवता येतं, आणि ती उजळणी मला कुठल्याही वहीपेक्षा जास्त उपयोगी पडली. लाईट गेली की माग बंद. पूर्वी त्या वेळी चिडचिड व्हायची, कारण लाईट नाही म्हणजे मजुरी नाही. आता वही घेऊन उंबऱ्यात बसते. पावसाळ्यात रेंजचं काही खरं नसतं, म्हणून संस्थेच्या वेबसाइटवरून पुस्तकांच्या पीडीएफ आधीच उतरवून ठेवाव्यात, त्या फुकट आहेत. पुस्तकंही स्वतःच्या स्वतः शिकता यावं अशीच लिहिलेली आहेत, धड्याच्या मधेमधे प्रश्न असतात. व्हिडिओ बहुतेक हिंदी आणि इंग्रजीत सापडले, त्यामुळे माझा मुख्य आधार पुस्तकच राहिलं.

एका खासगी क्लासचं ॲपही पैसे भरून घेतलं होतं. नाव लिहीत नाही. शिकवणं चांगलं होतं, तो तरुण शिक्षक मन लावून समजावतो. पण ॲपची सगळी रचना पंधरा वर्षांच्या मुलासाठी आहे. रोज हजेरी लावली की आकडा वाढतो, एक दिवस चुकला की शून्य. आषाढात मंगाई देवीची यात्रा आली. वडगावात त्या दिवसांत घरोघरी पाहुणे, चूल थंड होत नाही. यात्रा संपल्यावर फोन उघडला तर इतक्या दिवसांचा आकडा पुसलेला. एवढ्या कारणाने माझ्या ओळखीतल्या एका बाईने अभ्यासच सोडला, "पहिल्यापासून कोण करणार" म्हणून. मला हे मनापासून खटकतं. घर चालवणाऱ्या माणसाच्या अभ्यासात खंड पडणारच: सुगी असते, आजारपण असतं, सुतक असतं. खंड पडल्यावर परत यायला सोपं जाईल अशी पद्धत हवी. मी रोजचा हिशेब सोडून आठवड्याचा धरला. रविवारी रात्री बघायचं, ठरवलेले धडे झाले का. मधे चार दिवस कोरडे गेले तरी उरलेल्या तीन दिवसांत भरून काढता येतात, आणि अपराधी वाटत नाही. ॲपची मुदत संपल्यावर पुन्हा पैसे भरले नाहीत.

त्यापेक्षा कितीतरी जास्त काम केलं ते येळ्ळूरच्या एका जोडीदारणीने. तीही माझ्यासारखीच, शेतातलं उरकून अभ्यास करणारी. आमची ओळख संस्थेच्या अभ्यास केंद्रावर झाली. रात्री जेवणं झाली की फोन येतो, "अक्का, आज किती झालं?" एवढंच विचारते. काही झालं नसेल तर तसं सांगायचं, ती रागावत नाही, उद्या परत विचारते. भात लावणीच्या दिवसांत ती मागे पडली तेव्हा मी विचारत राहिले. दोघींचे विषय वेगळे आहेत, त्यामुळे तुलना होत नाही. शिकायला परत जाणाऱ्या प्रत्येकाने असा एक माणूस शोधावा. नवरा किंवा मुलं नकोत, कारण ती आपल्याला थकलेलं बघून "आज राहू दे" म्हणतात, प्रेमानेच म्हणतात.

घरच्यांबद्दलही लिहायला हवं. सासूबाई सुरुवातीला विचारायच्या, "काय लिहायलीस गं एवढं? कुठं नोकरीला जायचंय?" मी वाद घातला नाही. मराठीच्या पुस्तकातला एक धडा त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. मग दुपारी त्याच विचारू लागल्या, आज वाचणार नाहीस का म्हणून. मोठ्याने वाचल्यामुळे माझाही धडा पक्का झाला.

टीएमए म्हणजे घरून लिहून द्यायचे स्वाध्याय. त्यांना 20 टक्के वजन आहे. हाताने लिहून, फोनने स्कॅन करून, पीडीएफ चढवावी लागते. नवशिक्यांनी याला कमी लेखू नये. एक तर ते गुण आपल्या हातातले आहेत. शिवाय वर्षानुवर्षं फक्त यादी आणि हिशेब लिहिणाऱ्या हाताला सलग लिहायची सवय नसते. माझी बोटं दोन पानांतच आखडायची. परीक्षेत अडीच-तीन तास लिहायचं असतं. म्हणून रोज एक पान शाईच्या पेनाने लिहायला लागले, आधी सावकाश, मग घड्याळ लावून. ज्ञान असूनही पेपर अर्धा राहिला असं अनेकींचं झालेलं ऐकलंय, त्यामुळे ही तयारी धडे वाचण्याइतकीच महत्त्वाची मानते. घरात शांतता मिळेना तेव्हा सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसायची. 1848 साली स्थापन झालेलं हे वाचनालय बेळगावकरांचा अभिमान आहे. तिथे स्पर्धा परीक्षेची मुलं शेजारी बसलेली असतात, आणि त्यांच्यात बसून वाचताना आपणही विद्यार्थी आहोत हे मनाला पटत जातं.

राहिलेल्या विषयांत सामाजिक शास्त्र, अर्थशास्त्र आणि कन्नड आहे. कन्नड मी स्वतःहून निवडलं. बाजारात, बसमध्ये, तालुक्याच्या ऑफिसात बोलण्यापुरतं येतं, पण अर्जावरचं वाचायला कुणाला तरी विचारावं लागतं. तो परावलंबीपणा मला संपवायचा आहे. याबद्दल कुणी टोकलं तर मी सांगते, माझी मराठी त्याने कमी होत नाही, पहिला पेपर मी मराठीचाच दिलाय.

हा प्रवेश कुणी घ्यावा? ज्यांची शाळा पैशाअभावी, लग्नामुळे किंवा एखाद्या विषयात अडकून सुटली, त्यांनी नक्की. आधी ज्या बोर्डात नापास झालात तिथले काही विषय निघालेले असतील तर दोनपर्यंत विषयांचे गुण इकडे घेता येतात, पण त्याला अटी आहेत, प्रवेशाआधीच विचारून घ्या. तीन महिन्यांत दहावीची हमी देणारे एजंट आपल्याकडे फिरतात, त्यांना एक पैसा देऊ नका. प्रवेश संस्थेच्या वेबसाइटवरून थेट होतो. अभ्यास केंद्र निवडताना घराजवळचं बघण्यापेक्षा तिथे सुट्टीच्या दिवशी वर्ग खरंच भरतात का, हे आधी शिकून गेलेल्यांना विचारा. केंद्रात एकदा जाऊन बसा, आणि तिथे आपल्यासारखी कुणी दिसली तर तिचा नंबर घ्या.

मी एप्रिलला सामाजिक शास्त्र आणि अर्थशास्त्राचा फॉर्म भरलाय, कन्नड ऑक्टोबरला ठेवलंय. येळ्ळूरची जोडीदारीण एप्रिलला विज्ञानाला बसणार आहे.