बेस गिटारचे दोन अल्बम: वूटेन की पास्टोरियस?
बेस गिटारच्या अल्बमांविषयी पुण्यातील जाणत्या श्रोत्यांची मते बहुधा दोन नावांपाशी विभागतात. व्हिक्टर वूटेन यांच्या १९९६ च्या ‘अ शो ऑफ हँड्स’मध्ये चार तारांचा एकच बेस, वरून ध्वनिमुद्रणाचा दुसरा थर न चढवता, ताल, सुरावट आणि आघात एकत्र सांभाळतो, वादक मंडळी त्यावर मोहित होतात, तर इतरांना ती तयारी सलग ऐकताना थकवते. जॅको पास्टोरियस यांच्या १९७६ च्या पहिल्या अल्बममध्ये साथीदार पुष्कळ आहेत, परंतु पडदे नसलेल्या बेसवरील त्यांची मींड ‘सवाई’ गंधर्व संगीत महोत्सवाच्या मंडपात घडलेल्या कानाला लगेच आपली वाटते, आणि ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’ ही प्रामुख्याने हार्मोनिक्सवर, म्हणजे तारेला हलकेच स्पर्श करून काढलेल्या घंटेसारख्या सुरांवर, उभी राहिलेली रचना तर कौशल्याचा विसरच पाडते. माझा कौल पास्टोरियस यांना. बेस शिकणाऱ्याने मात्र आधी वूटेन ऐकावेत.