परदेशी न्यायच्या खाऊची व्हॅक्यूम पॅकिंग: दादरमधला अनुभव

दादर पश्चिमेला फराळ-मसाल्याच्या बऱ्याच दुकानांत मागितली की व्हॅक्यूम पॅकिंग करून मिळते. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी यांना ती उत्तम. मात्र अर्ध्या किलोच्या वर एका पिशवीत भरू देऊ नका. पूड पिशवीच्या तोंडाला चिकटली की सील नीट बसत नाही, हळूहळू हवा शिरते आणि सगळी बॅग मसाल्याच्या वासाने घमघमते. म्हणून तोंड आतून कोरड्या फडक्याने पुसायला सांगा, शेजारी दुसरं सीलही मारून घ्या. ताजा कांडलेला मसाला गार झाल्याशिवाय भरला तर गुठळ्या होतात. काउंटरवर घाई असते, तिकडे लक्ष देऊ नका. पॅकिंग निघायच्या आदल्या दिवशी करा. सकाळी पिशवी सैल दिसली तर बदलून घेता येते.

चकली-चिवड्याला हा प्रकार नकोच, भुगा होतो. त्यांना डबाच बरा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत, चेक-इन बॅगेतही नाहीत. युरोपियन युनियनच्या देशांत पेढे-बर्फीला बंदी आहे, पॅकिंग कितीही चोख असो.