रास्पबेरी पाय ४ : लाईट आल्यावर आपोआप उठतो का? पावसाळाभर वापरल्यानंतर

देवगडला, समुद्राला लागूनच. विहिरीचा पंप आणि टाकीची पातळी यांवर लक्ष ठेवायला हा बोर्ड, म्हणजे तळहाताएवढा लिनक्स कॉम्प्युटर, पावसाळाभर चालू आहे. इथे लाईट किती वेळा जाते ते सांगायला नको. नुसता बोर्ड असेल तर वीज मिळताच तो बूट होतो, काही सेटिंग लागत नाही. गोची होते ती यूपीएस लावल्यावर.

बॅटरी उतरली की यूपीएसचा प्रोग्राम पायला शटडाऊन करतो. नेमकी तेवढ्यात लाईट आली तर ५ व्होल्ट तुटतच नाहीत. लाल दिवा पेटलेला, बोर्ड मात्र ढिम्म. हॉल्ट झालेला, म्हणजे शटडाऊन होऊनही वीज मिळत असलेला, पाय लाईट आली म्हणून उठत नाही. वीज एकदा तुटावी लागते. म्हणून शटडाऊननंतर आउटपुट स्वतः कापून लाईट आल्यावर परत देणाराच यूपीएस घ्या. बोर्डावरच्या पिनांच्या रांगेतल्या पिन ५ आणि ६ क्षणभर एकमेकींना टेकवूनही पाय जागा होतो, पण डीएस३२३१ (वीज नसतानाही वेळ राखणारं बॅटरीवरचं घड्याळ) जोडलं असेल तर पिन ५ हीच त्याची एससीएल लाइन, म्हणजे सिग्नलची तार, तिथे बटण नको. बटण मग बोर्डावरच्या रन आणि ग्राउंड या पिनांवर लावा. घड्याळ मात्र हवंच, नाहीतर नेट येईपर्यंतच्या नोंदींवर जुनीच वेळ पडते.

बूट ऑर्डर, म्हणजे सिस्टम आधी कुठे शोधायची तो क्रम, बोर्डावरच्या ईईप्रॉम या मेमरी चिपमध्ये असते. ०एक्सएफ४१ हा आकडा उजवीकडून वाचायचा: १ म्हणजे आधी मेमरी कार्ड, ४ म्हणजे मग यूएसबी, एफ म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. यूएसबीला लावलेली एसएसडी डिस्क आधी हवी तर ०एक्सएफ१४.

आपला प्रोग्राम सिस्टमडी (लिनक्समध्ये प्रोग्राम सुरू करून सांभाळणारी यंत्रणा) सर्व्हिस म्हणूनच चालवा, आरसी.लोकल या जुन्या स्टार्टअप फाइलच्या नादी लागू नका. सर्व्हिसच्या फाइलमध्ये नुसतं 'रीस्टार्ट=ऑलवेज' (पडला की पुन्हा सुरू कर) लिहून भागत नाही. पाय राउटरच्या आधी उठतो, प्रोग्रामला नेट मिळत नाही, तो पडतो. १० सेकंदांत ५ वेळा पडला की सिस्टमडी नाद सोडतो आणि सर्व्हिस तशीच बंद राहते. 'रीस्टार्टसेक=१०' द्या, म्हणजे दर वेळी १० सेकंद थांबून सुरू होईल, आणि त्याच फाइलच्या युनिट विभागात 'स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक=०', म्हणजे ती मर्यादाच उठेल. डेटाची वेगळी डिस्क असेल तर एफएसटॅबमध्ये (बूट होताना जोडायच्या डिस्कची यादी) तिच्या ऑप्शन्समध्ये 'नोफेल' लिहा. नाहीतर डिस्क न सापडल्यास बूट इमर्जन्सी मोडमध्ये अडकतं, आणि मॉनिटर घेऊन विहिरीवर जावं लागतं.

लाईट गेल्यावर कार्ड खराब होऊ नये म्हणून रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्राममधून ओव्हरले फाइल सिस्टम चालू करा, म्हणजे लिहिलेलं कार्डावर न जाता तात्पुरत्या मेमरीत राहतं. सेटिंग बदलायच्या आधी ते बंद करायला विसरू नका, नाहीतर रीबूटनंतर केलेले बदल पुसलेले.

खाऱ्या हवेने टाइप-सी पोर्ट हिरवट होतो. व्होल्टेज ४.६३च्या खाली गेलं की अंडरव्होल्टेजचा इशारा येतो. तेव्हा आधी पोर्ट आणि केबल बघा, अडॅप्टर नंतर.