कमोडोर ६४ ची चिप घेताना झालेली फसवणूक

माझ्या मामांनी १९८६ साली कुवेतहून आणलेला कमोडोर ६४ हा घरगुती संगणक आमच्या रत्नागिरीच्या घरात माळ्यावर पडून होता. गेल्या वर्षी मी तो खाली काढून साफ केला. निळा पडदा उजळला, पण आवाज काही केल्या येईना. या संगणकाचा सगळा आवाज ६५८१ क्रमांकाच्या एका चिपमधून निघतो. एकाच वेळी तीन स्वर वाजवणारी ही चिप कमोडोरच्याच मॉस टेक्नॉलॉजी या चिप कंपनीत बॉब यान्स यांनी घडवली. तिचे उत्पादन थांबून तीन दशके झाल्यामुळे ती मिळणे दुर्मीळ आणि भाव चढा, आणि नकली मालाला वाव मिळतो तो या टंचाईमुळेच.

दुसऱ्या शहरातल्या एका विक्रेत्याने ३,२०० रुपयांना एक याप्रमाणे दोन नग देऊ केले आणि सोबत एक व्हिडिओ पाठवला. त्यात आधी तळहातावरची चिप दिसत होती, मग दृश्य तुटून थेट वाजणारा संगणक दिसत होता. त्या तुटलेल्या जागेबद्दल मी विचारायला हवे होते. ते न करता मी ६,४०० रुपये यूपीआयने आगाऊ पाठवून मोकळा झालो.

पार्सल आले, एक नग सॉकेटमध्ये बसवला आणि चालू केल्याबरोबर पडदाही काळा पडला. अठ्ठाविसाव्या पायावर १२ व्होल्ट असायला हवे होते, तिथे मल्टीमीटर जेमतेम ३ दाखवत होता आणि बोर्डावर हे १२ व्होल्ट पुरवणाऱ्या ७८१२ रेग्युलेटरला बोट लावणे अशक्य झाले होते. चित्राच्या चिपलाही हेच १२ व्होल्ट लागतात, म्हणून पडदा गेला. हा रेग्युलेटर जास्त तापला की स्वतःच हात आखडता घेतो. मशीन वाचले ते त्यामुळेच.

विक्रेत्याला कळवले, तेव्हा तो म्हणाला, "कोकणातली खारी हवा, तुमचा बोर्ड सडला असणार, त्यानेच माझी चिप जाळली." खरे सांगायचे तर हे मला जवळजवळ पटले, कारण आमच्याकडे दाराच्या कड्यासुद्धा दोन पावसाळ्यांत गंजतात. त्या विचारात दहा दिवस गेले.

अकराव्या दिवशी न वापरलेला दुसरा नग भिंगाखाली धरला. पहिल्या पायाजवळचा गोल खळगा मूळ चिपवर गुळगुळीत असतो. इथे तो रंगाने अर्धा भरलेला होता. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा कोपऱ्यावर घासला, तर बोळा काळा झाला आणि खाली पॉलिश पेपरचे समांतर ओरखडे उघडे पडले. छापील अक्षरे पुसली गेली म्हणून चिप नकली ठरत नाही, कारण मूळ चिपवरची शाईही ॲसिटोनने जाऊ शकते. पृष्ठभागाचा काळा रंगच कापसावर उतरला, तर मात्र शंका उरत नाही: दुसऱ्याच कुठल्यातरी चिपवरची अक्षरे घासून, वर रंग देऊन नवी छापलेली असतात. छापलेला कोड होता १२९८, म्हणजे १९९८ चा बारावा आठवडा. कमोडोर कंपनीचे दिवाळे १९९४ मध्येच वाजले होते. हा हिशेब मला आधीपासून ठाऊक होता आणि विक्रेत्याच्या छायाचित्रात तो कोड स्पष्ट वाचताही येत होता, हे लिहिताना आजही लाज वाटते.

तोवर विक्रेत्याने माझा नंबर ब्लॉक केला होता. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण पैसे पुढे सरकण्याआधी अडवता यावेत म्हणून तिथे लगेच फोन करायचा असतो; मी अकरा दिवस घालवले होते.

यानंतर मी सॉकेटमधून काढून ठेवलेली जुनी चिप प्रथमच नीट पाहिली. तिचे तीन पाय हिरव्या गंजाने माखले होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ते पुसून चिप पुन्हा बसवली, तेव्हा तीनपैकी दोन स्वर वाजू लागले. म्हणजे खाऱ्या हवेचे त्याचे बोलणे अर्धे खरे होते, फक्त चुकीच्या चिपबद्दल. तिसऱ्या स्वरासाठी मी आता आर्मसिड हा आधुनिक पर्याय घेणार आहे. तो निदान आपण नवा असल्याचे लपवत नाही.

गेल्या आठवड्यात तीच छायाचित्रे दुसऱ्या नावाने पुन्हा विक्रीला आलेली दिसली. भाव ३,८०० झाला आहे, कोड अजूनही १२९८ च आहे.